बाहेरून लावायचं

सिस्टरच्या औषधांच्या कपाटाला दोन कुलपं होती आणि घरात माणसं दोनच. त्यावरून नणंद तिला नेहमी छेडायची.

"वहिनी, एक कुलूप माझ्यासाठी, ते समजलं. दुसरं कुणासाठी? मुकादमासाठी?"

मुकादम म्हणजे कुत्रा. बारा वर्षांपूर्वी सिस्टरच्या नवऱ्याने त्याला कोटाच्या खिशातून घरी आणला, तेव्हा घरात फरशी बसवायचं काम चाललं होतं. ते एवढंसं पिल्लू कामगारांच्या मागे मागे फिरायचं, प्रत्येक फरशी हुंगायचं आणि काम पसंत नसल्यासारखं कपाळाला आठ्या घालून पुढे सरकायचं. "हा आपला मुकादम," नवरा म्हणाला, आणि तेच नाव राहिलं. नवऱ्याला जाऊन आता चार वर्षं झाली होती. मागे राहिली त्याची बायको, त्याची बहीण आणि त्याचा कुत्रा. पहिल्या दोघींचं एकमेकींशी जेवढं पटायचं तेवढं तिसऱ्यामुळे पटायचं.

सिस्टरला सिस्टर म्हणत, कारण तिने अडतीस वर्षं इस्पितळात काढली होती आणि त्यातली शेवटची सोळा वॉर्डची इनचार्ज म्हणून. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी कोपऱ्यावरचा पाववाला तिला बघून सरळ उभा राहायचा. वॉर्डात तिची शिस्त अशी, की नवे डॉक्टरसुद्धा तिच्या टेबलाशी येताना पेनाचं टोपण लावून घेत. औषधांची एक लांबलचक वही होती. वेळ, औषध, मात्रा, सही. वहीत नाही ते दिलं नाही, आणि दिलं ते वहीत नाही असं व्हायचंच नाही. धोक्याच्या गोळ्या दुहेरी कुलपात. किल्ल्या दोन, आणि दोन्ही तिच्याच खिशात. काचेच्या सिरिंजा उकळायच्या पातेल्याचा आवाज, स्पिरिटचा वास, दुपारी रिकाम्या व्हरांड्यात घुमणारी स्वतःच्याच बुटांची टकटक, हे सगळं तिला अजून काल घडल्यासारखं आठवायचं. त्या अडतीस वर्षांत तिच्या हातून एकही गोळी चुकली नव्हती. हे ती कुणाला सांगत नसे. पण न सांगता सगळ्यांना माहीत असेल अशी व्यवस्था तिने केली होती.

नणंदेचं सगळं उलटं. तिने जन्मभर शिवणाचा वर्ग चालवला. तिच्या पर्समध्ये दोऱ्याची रिळं, अंगुस्तान, पेपरमिंट आणि डोकेदुखीच्या गोळ्या सुखाने एकत्र नांदायच्या. वर्गातल्या कुठल्या मुलीने कपाळावर नुसता हात टेकला तरी ही पर्स उघडायची. "घे गं, अर्धी घे. अर्धीने काही होत नाही."

"वन्सं, तुमची पर्स म्हणजे चालतंबोलतं औषधांचं दुकान आहे," सिस्टर म्हणायची. "नुसता परवाना नाही."

"आणि तुमचं कपाट म्हणजे तुरुंग आहे. फक्त कैदी म्हणजे गोळ्या."

त्या थंडीत मुकादमाच्या मागच्या पायांनी दगा दिला. बसलेला उठायला तीन प्रयत्न लागायला लागले. पहिल्या दोन प्रयत्नांना तो इकडेतिकडे बघायचा, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. जिन्याच्या चार पायऱ्या चढताना दुसरीवर थांबून राहायचा. ओरडला मात्र कधी नाही.

"माझी अर्धी गोळी देऊन बघू या का?" नणंद म्हणाली. "मला तर चुटकीसरशी आराम पडतो."

सिस्टर ताडकन उठली. गुडघे धरून उठली, पण ताडकन. "खबरदार! माणसाची गोळी कुत्र्याला? त्याचं पोट वेगळं, मूत्रपिंड वेगळं. तुमच्या अर्ध्या गोळीने तो सरळ वर जाईल."

"बरं बाई, नाही देत. ओरडताय काय? मी विचारलं, दिली नाही."

जनावरांची डॉक्टरीण दोन गल्ल्या पलीकडे बसायची. तरुण होती, चष्मा डोक्यावर सरकवलेला, आणि ती आधी कुत्र्याशी बोलायची, मग माणसांशी. तिने मुकादमाचे पाय हळूहळू वाकवून पाहिले, रक्त तपासायला घेतलं, काट्यावर उभा केला. बावीस किलो. दुसऱ्या दिवशी रक्ताचा अहवाल चांगला आला तेव्हा तिने तीस गोळ्यांची बाटली हातात दिली. खास कुत्र्यांसाठीची गोळी.

"दिवसातून एक. पोटभर खाल्ल्यावरच. उपाशी असेल त्या दिवशी नाही," ती म्हणाली. "माणसांची दुखण्याची कुठलीही गोळी याला चालत नाही. आणि ही चालू असताना हिच्या जोडीला दुसरं कुठलंच दुखण्यावरचं औषध नको. एक सांभाळून दिलं तर औषध, दोन एकत्र आली तर आतडी सोलून काढतात. उलटी झाली, जेवण सोडलं, शी काळी झाली, तर गोळी बंद आणि तडक माझ्याकडे. कळलं ना, आजी?"

"सिस्टर म्हणा," सिस्टर म्हणाली. सगळं तिने आधीच लिहून घेतलं होतं.

घरी आल्यावर तिने नवी वही काढली. पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, जेवण, गोळी, सही. बाटली दुहेरी कुलपात गेली.

"सहीला मुकादमाचा पंजा उमटवू का?" नणंदेने विचारलं.

"तुम्ही फक्त एवढं करा वन्सं, त्याच्या तोंडाजवळ पर्स नेऊ नका."

बारा दिवस सुखाचे गेले. सकाळी आठला भात आणि उकडलेलं अंडं, त्यावर गोळी, त्यावर सही. चौथ्या दिवशी मुकादम पहिल्या प्रयत्नात उठला. सातव्या दिवशी चार पायऱ्या न थांबता चढला आणि वर जाऊन, मीच बांधल्यात या, अशा थाटात त्याने वळून बघितलं. नणंद तर टाळ्या वाजवायला लागली. दुपारी चारला सिस्टर खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसायची, गाऊन वर करून गुडघ्यांना मलम चोळायची. अडतीस वर्षांच्या उभं राहण्याचे गुडघे ते. तेवढ्यात मुकादम यायचा आणि एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर, पाटी पुसावी तसा, मन लावून चाटत बसायचा.

"बघा, वन्सं. मुक्या जनावराला कळतं कुठे दुखतंय ते."

"माझं डोकं दुखतं तेव्हा नाही हो कुणी चाटायला येत."

"तुमच्या डोक्यात चाटण्यासारखं काय आहे?"

अशी ती चारची वेळ. नवरा असताना त्या खिडकीशी दोन खुर्च्या असायच्या. आता एक खुर्ची आणि एक कुत्रा. पण सिस्टरला वाटायचं, हे काही कमी नाही. आपल्याला 'ही माझी' म्हणणारं अजून घरात कुणीतरी आहे.

तेराव्या दिवशी सकाळी मुकादमाने भाताकडे पाहिलं आणि मान फिरवली. सिस्टरने गोळी दिली नाही. नियमाप्रमाणे लिहिलं, 'जेवण नाही, गोळी नाही.' सही केली. ती पेन ठेवतेय तोच बाल्कनीतून नणंदेची हाक आली. हाक कसली, आवाज चिरलेला होता.

"वहिनी! वहिनी, इकडे या! हे काय आहे?"

बाल्कनीच्या कोपऱ्यात मुकादम पाठ वाकवून उभा होता. त्याच्या मागे फरशीवर डांबरासारखं काळंकुट्ट, चिकट काहीतरी पडलं होतं. सिस्टर बघतच राहिली. हा रंग तिने वॉर्डात पाहिला होता. तो वासही. तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पोटात रक्त वाहिलं की बाहेर येताना ते असं काळं होऊन येतं. बघता बघता मुकादमाने मान खाली घातली आणि ओकला. त्या ओकारीत कॉफीच्या चोथ्यासारखे कण होते. मग त्याचे मागचे पाय, जे कालपर्यंत चार पायऱ्या चढत होते, एकदम घसरले, आणि तो स्वतःच्याच घाणीत बसला आणि या दोघींकडे ओशाळल्यासारखा बघायला लागला.

सिस्टरने कुलपं उघडून बाटली आणि वही बरोबर घेतली. रिक्षा करून दोघींनी त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरिणीने त्याचा ओठ वर करून हिरडी दाबली. हिरडी कागदासारखी पांढरी होती. तिने चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला.

"गोळ्या किती गेल्या?"

"बारा. बाटलीत अठरा आहेत. मोजून घ्या." सिस्टरने बाटली आणि वही दोन्ही टेबलावर ठेवली.

डॉक्टरिणीने खरंच मोजल्या. अठरा. तिने वहीची पानं उलटली, प्रत्येक सही बघितली. "एवढ्या मात्रेत एवढं सहसा होत नाही," ती म्हणाली. "रक्त तेव्हा चांगलं होतं. रोज पोटभर खाऊनच दिलीय. मग याच्या पोटात दुसरं काहीतरी जात असलं पाहिजे. दुखण्यावरचंच. घरात कुणी काही देतंय का?"

सिस्टरने मान हळूहळू वळवून नणंदेकडे पाहिलं.

मुकादमाला तिथेच ठेवून घेतलं, पुढच्या पायाला सुई लावून. दोघी घरी आल्या. दार लागलं तशी सिस्टरने नणंदेची पर्स उचलली आणि जेवणाच्या टेबलावर उपडी केली. रिळं घरंगळत गेली. अंगुस्तान टणकन फरशीवर पडलं. पेपरमिंटांच्या मधोमध गोळ्यांची पट्टी पडली होती. दहाची पट्टी, दोन खळगे रिकामे.

"दोन कुठे गेल्या?"

"अहो, मी घेतल्या! परवा डोकं धरलं होतं माझं."

"दोन?"

"एकीने उतरलं नाही म्हणून दुसरी घेतली. काय चाललंय हे, वहिनी?"

"मी सांगते काय चाललंय. त्याला उठताना त्रास व्हायचा आणि तुमचं काळीज पिळवटायचं. अर्धीने काही होत नाही, हो ना? माझी पाठ वळली की भातात अर्धी. गोळ्यांना काय पाय फुटतात, वन्सं?"

नणंद तोंडात मारल्यासारखी उभी राहिली. मग खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाली, "दादाच्या कुत्र्याला मी विष घालीन?"

"विष म्हणून कोण घालतं? माया म्हणून घालतात. मी वॉर्डात पाहिलंय. मायेनेच माणसं मारतात."

"वॉर्डात काय काय पाहिलंत ते मलाही आठवतंय." नणंदेचा आवाज एकदम खाली आला. "ती चिमणी आठवते? ती बुटकी, नवी पोर, तुमच्या हाताखालची. एक गोळी कमी भरली म्हणून तुम्ही तिला चार माणसांत हेच विचारलं होतंत. गोळ्यांना पाय फुटतात का. ती रडत होती, मी नाही दिली, मी नाही दिली. तुम्ही आठवड्याच्या आत तिची बदली करवून घेतलीत. घरी येऊन मला आणि दादाला जेवताना सांगितलंत, मोठ्या तोऱ्यात. दादा तेव्हा काही बोलला नाही. पण त्या दिवशी तो अर्ध्या जेवणातून उठला होता. तुम्हाला वाटलं, भूक नाही."

 चिमणी सिस्टरला आठवत होती. टोपी नेहमी एका बाजूला कललेली.

नणंदेने एकेक रीळ गोळा केलं. खाली वाकून टेबलाखालचं अंगुस्तान शोधलं. "वर्गातल्या माझ्या मैत्रिणीकडे एक खोली रिकामी आहे," ती उठता उठता म्हणाली. "मुकादम घरी आला की मी जाईन. आणि नाही आला..." तिने पर्सची चेन ओढली. "तर दुसऱ्याच दिवशी जाईन."

दुसऱ्या दिवशी दोघी एकाच रस्त्याने, दहा पावलांच्या अंतराने दवाखान्यात गेल्या. पाववाल्याने एकीला नमस्कार केला, दुसरीला केला आणि बुचकळ्यात पडला. डॉक्टरिणीने सांगितलं, पोटाला जखमा झाल्या आहेत, मूत्रपिंडावरही ताण आहे, रक्तातले आकडे वर गेलेत. "आणखी दोन दिवस काढले तर आशा आहे. आज काही म्हणवत नाही." पिंजऱ्यात मुकादम आडवा पडला होता. सिस्टरने नाव घेतलं. नणंदेने नाव घेतलं. त्याने कान हलवला, मान नाही उचलली. पाणी पुढे केलं, ओलं बोट ओठाला लावलं. नाही.

त्या दुपारी चार वाजता सिस्टर खिडकीशी बसली आणि तिला कळेना की काय करायचं असतं. पलीकडच्या खोलीतून कपाट उघडल्याचा, कपडे काढल्याचा आवाज येत होता. पेटी भरली जात होती.

बुधवारी दवाखान्यात भेटीची वेळ साडेचारची होती. तिथे बसायला बुटकं स्टूल, आणि त्यावर बसायचं म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. सिस्टरने निघण्याआधी दोन्ही गुडघ्यांना मलम भरपूर थापलं, वर सैल विजार चढवली आणि निघाली. नणंद दहा पावलं मागून आली.

मुकादमाला त्या दिवशी पिंजऱ्याबाहेर सतरंजीवर ठेवलं होतं. सलाईनची नळी पायाला तशीच होती. नणंद त्याच्या शेपटीकडे भिंतीला टेकून उभी राहिली. डॉक्टरीण टेबलाशी काहीतरी लिहीत होती. सिस्टर स्टुलावर टेकली. विजार ओल्या गुडघ्याला चिकटून ओढली जायला लागली, म्हणून तिने एका पायावरून ती वर सरकवली.

मुकादमाचं नाक हललं.

मग त्याने मान उचलली. तीन दिवस ज्याने मान उचलली नव्हती त्याने ती उचलली, पुढचे पंजे सतरंजीवर रोवले आणि अंग ओढत, नळी ताणत, वीतभर पुढे आला. आणखी वीतभर. हनुवटी तिच्या पावलावर टेकून थोडा दम खाल्ला. मग गुडघ्याला जीभ लावली आणि हळूहळू चाटायला लागला.

सिस्टरच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. "बघा," ती म्हणाली. नणंदेकडे न बघता, पण नणंदेलाच. "बघा, मरणाच्या दारात आहे, आणि माझा गुडघा विसरला नाही."

डॉक्टरिणीने वर पाहिलं. तिच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"पाय मागे घ्या," ती म्हणाली.

"काय?"

"पाय मागे घ्या! आत्ता!" ती टेबलाला वळसा घालून धावतच आली, मुकादमाचं तोंड धरून बाजूला केलं आणि सिस्टरच्या गुडघ्यावरून बोट फिरवलं. बोट चकाकलं. "हे काय लावलंय तुम्ही?"

"मलम. गुडघ्यांचं."

"दुखण्याचं? कधीपासून लावताय?"

"मलम कायमच लावते. हे नवं, तीन आठवडे झाले. आधीचं झोंबायचं फार, डॉक्टरांनी बदलून दिलं."

"आणि हा रोज चाटतो?"

"रोज चारला," सिस्टर म्हणाली. अजूनही तिच्या आवाजात थोडं कौतुक होतं. तो आवाज नंतर कितीतरी दिवस तिच्या कानात राहिला. "आधीच्याच्या वासाने पळायचा. हे लावायला लागल्यापासून..."

ती थांबली.

खोलीत सलाईनचा थेंब थेंब पडत होता. नणंद भिंतीपासून सुटी झाली.

"सिस्टर," डॉक्टरीण अगदी हळू म्हणाली, "त्या मलमात गोळीसारखंच औषध असतं. माणसांचं. तुमच्या कातडीतून ते थोडं थोडं आत जातं, पण हा ते थेट पोटात घेत होता. दोन्ही गुडघ्यांचं. रोज. वर माझी गोळी."

"पण ते बाहेरून लावायचं आहे," सिस्टर म्हणाली.

आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. वॉर्डात दोन ठिकाणी औषधं असायची. गोळ्या-इंजेक्शनं कपाटात, कुलपात, वहीत. आणि व्हरांड्याकडच्या उघड्या फळीवर लावायच्या बाटल्या आणि नळ्या. त्यांच्यावर लाल चिठ्ठी, 'बाहेरून लावायचं'. त्या फळीला कुलूप नव्हतं. त्यांची वही नव्हती. कुणीही यावं, घ्यावं, पेशंटच्या पाठीला चोळावं. अडतीस वर्षं ती त्या फळीवरून रोज शंभरदा गेली होती, आणि तिथल्या कुठल्याच गोष्टीला तिने कधी औषध म्हटलं नव्हतं. ती मालीश. नव्या वहीचे पाच रकाने आखताना सहावा रकाना तिच्या स्वप्नातही आला नाही. तिने घरातलं सगळं औषध दुहेरी कुलपात घातलं, किल्ल्या खिशात टाकल्या, आणि विष गुडघ्यांना लावून कुत्र्यासमोर बसली. रोज. वेळेवर. चारला.

 हात मांडीवर पडले होते ते उचलता येईनात. वॉर्डात वाईट बातमी ऐकून माणसं अशी बसलेली तिने शेकड्यांनी पाहिली होती, आणि दर वेळी तिला वाटायचं, पाणी तरी का मागत नाहीत ही?

"गुडघे धुवा आधी," डॉक्टरीण म्हणाली. ती मुकादमाची जीभ ओल्या कापसाने पुसत होती. "साबणाने. दोन्ही."

सिस्टर उठली नाही. तिला ते ऐकू आलं की नाही, कुणास ठाऊक.

नणंदेने कोपऱ्यातल्या नळाखाली स्टीलचं तसराळं भरलं. साबणाची वडी घेतली. सत्तरीची बाई, तीही गुडघ्यांत काही तरुण नव्हती, पण ती सिस्टरच्या पुढ्यात खाली बसली.

"पाय द्या, वहिनीसाहेब."

"वन्सं..."

"पाय द्या म्हणते ना."

तिने एक गुडघा धुतला. मग विजारीचा दुसरा पाय वर करून दुसरा धुतला. पुढून, मागून, खाचेतून, मळका कपडा धुवावा तसा, रागाने आणि नीट.

"वन्सं, मी तुम्हाला काय काय बोलले," सिस्टर म्हणाली. शब्द दातांवर आपटत होते. "तुमची पर्स... मी... तुम्ही नव्हतात."

"मी नव्हते, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नवीन सांगताय का काही?" नणंदेने स्वतःच्या रुमालाने गुडघा टिपला. मग तिचा हात तिथेच थांबला. "तुम्ही मुद्दाम केलं नाही, हेही मला माहीत आहे. मला हे नुसतं बघूनच कळतं. तुम्हाला वहीत बघावं लागतं, एवढंच."

आणि मग ती रडली. तसराळ्यात हात तसेच ठेवून, मोठ्याने.

मुकादम वाचला. शुक्रवारी त्याने दोन चमचे पेज चाटली, रविवारी अर्धं अंडं खाल्लं, आणि नवव्या दिवशी घरी आला. मूत्रपिंडं पूर्वीसारखी होणार नव्हती. खाणं बदललं. त्या जातीच्या गोळ्या त्याला पुन्हा कधी नाहीत, असं डॉक्टरिणीने बजावलं. वेगळ्या जातीचं एक सौम्य औषध, निजायला जाड गादी, शेकायला उबदार पिशवी, आणि घसरू नये म्हणून फरशीवर पायपोसांची रांग. ज्या फरशा त्याने हुंगून पास केल्या होत्या त्याच आता झाकाव्या लागल्या.

नणंदेची पेटी पलंगाखाली भरलेलीच होती. ती कधी जाणार, हे सिस्टरने विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. चार दिवसांनी तिला पेटीतला निळा स्वेटर नणंदेच्या अंगावर दिसला. दुसऱ्या दिवशी पेटीतली चप्पल दाराशी दिसली. पेटी अशी हळूहळू रिकामी होत गेली, एकेक गोष्ट लागेल तशी.

सिस्टरने वहीत सहावा रकाना आखला. त्यात घरातली प्रत्येक लावायची वस्तू लिहिली. मलम, बाम, तेल, पायाच्या भेगांचं क्रीम. सगळं कुलपात गेलं. मग तिने एक किल्ली जुडग्यातून काढून नणंदेपुढे ठेवली. "दोन कुलपं, दोन माणसं," ती म्हणाली. "यापुढे दोघी असल्याशिवाय उघडायचं नाही."

"म्हणजे माझं डोकं दुखलं की तुमची परवानगी?"

"आणि माझा गुडघा दुखला की तुमची."

नणंदेने किल्ली पर्समध्ये टाकली, पेपरमिंटांत.

मलम तिने बंदच केलं. गुडघे दुखायला लागले, चांगलेच दुखायला लागले, आणि ती गरम पाण्याच्या पिशव्या ठेवून बसायला लागली. तो घरी आल्यावर पहिल्यांदा चार वाजले तेव्हा मुकादम आपल्या गादीवरून दुसऱ्या प्रयत्नात उठला, पायपोसांच्या रांगेवरून तिच्या खुर्चीशी आला. सिस्टरने पिशव्या बाजूला केल्या. गुडघे तिने सकाळपासून तीनदा धुतले होते. 

त्याने हुंगलं. एकदा जीभ फिरवली. मग साखर घालायची राहिलेला चहा प्यायल्यासारखं तिच्या तोंडाकडे पाहिलं, वळला आणि लंगडत नणंदेच्या खोलीकडे निघाला, जिथे बिस्किट मिळायची शक्यता होती.

दारातून नणंद बघत होती. "वहिनी," ती म्हणाली, "तुमचा भाव उतरला."

सिस्टर हसली. हसता हसता तिचा चेहरा कसासाच झाला. "म्हणजे तो चवीला यायचा, वन्सं. मी म्हणत होते, त्याला कळतं."

"त्याला काय कळतं ते त्यालाच ठाऊक. तुम्हाला किती कळतं, ते बघितलं ना आपण?" पण हे बोलताना ती येऊन खिडकीच्या कठड्यावर बसली, जिथे पूर्वी दुसरी खुर्ची असायची.

दोघी खाली रस्त्याकडे बघत बसल्या. पाववाला टोपल्या आत घेत होता.

"त्या चिमणीने खरंच दिली नसेल ती गोळी," सिस्टर म्हणाली.

"नसेल."

"कपाटामागे घरंगळली असेल. किंवा मीच चुकीचं मोजलं असेल. मी तेव्हा कपाट सरकवून बघितलंच नाही. माझी मोजणी चुकेल असं मला वाटलंच नाही, वन्सं."

"ती आता पन्नाशीला आली असेल. सापडायची नाही."

"शोधते मी," सिस्टर म्हणाली. "इस्पितळात जुन्या याद्या असतात. सापडली तर जाईन."

"आणि काय सांगाल?"

 सिस्टरने वही ओढली. त्या दिवसाच्या ओळीत लिहिलं, 'चार वाजता. मलम नाही. चाटलं, एकदा. थांबला नाही.' सहीची जागा आली तेव्हा तिने पेन थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, मग वही फिरवून नणंदेपुढे केली.

"मी कशाला?" नणंद म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं?"

"बघितलंत ना तुम्ही? मग करा."

नणंदेने शिवणाच्या मापाच्या वहीत करायची तशी गोल, मोठी सही केली. रकान्यात ती मावली नाही.